वस्तादाविना व्यायामशाळा

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्यात हिवाळ्याची पहाट अंगाला बोचणारी असते. तरीही त्या वेळी मैदाने रिकामी नसतात. पोलीस भरतीची जाहिरात निघालेली असो वा नसो, पोरे धावतच असतात. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा येथे आणि घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, जळगाव जामोद येथे हेच दृश्य दिसते. कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात खाकी वर्दी किंवा सैनिकाचा गणवेश म्हणजे घराला मिळालेला कायमचा आधार. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि ७.२६ किलोचा गोळा फेकणे, या तीन गोष्टींवर एका कुटुंबाची पुढची तीस वर्षे ठरतात. भरतीला वयाची अट अठरा वर्षांची आहे, तयारी मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू होते. सकाळी मैदान आणि संध्याकाळी जिम.

याच टप्प्यावर घराघरांत वाद झडतो. मुलगा म्हणतो, जिमला जायचे आहे. वडील म्हणतात, या वयात वजन उचललेस तर उंची खुंटेल. या भीतीला बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात एक नेमका आकडाही चिकटलेला आहे. पोलीस शिपाई होण्यासाठी पुरुष उमेदवाराला किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते. गोळा कितीही लांब गेला तरी मोजपट्टीखाली एक सेंटीमीटर कमी भरले, तर सारी तपश्चर्या व्यर्थ. ज्या बापाने हे शेजारच्या घरात घडताना पाहिले आहे, त्याला वजनाच्या प्लेटकडे पाहून धडकी भरत असेल तर त्याला हसण्याचे कारण नाही. शेजारचा दुसरा बाप याच्या अगदी उलट वागतो. तो महिन्याची फी भरतो, पोराच्या दंडाकडे कौतुकाने पाहतो आणि पोरगा तेथे काय करतो हे एकदाही डोकावून पाहत नाही. पहिल्याची भीती निराधार आहे. दुसऱ्याची निश्चिंतता मात्र तिच्याहून अधिक घातक आहे.

आधी भीतीचा विचार करू. वाढत्या वयातील मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पातळ पट्ट्या असतात. हाडाची लांबी तेथे वाढते. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा वर्षांच्या आसपास या पट्ट्या कठीण हाडात रूपांतरित होतात आणि उंची थांबते. पट्टी पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते, म्हणून भाराने ती चेपली जाईल, असा तर्क वरकरणी पटण्याजोगा आहे. १९६४च्या सुमारास जपानच्या दुर्गम भागातील, अतिश्रम करणाऱ्या मुलांची वाढ खुंटल्याचे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि या तर्काला जणू पुरावाच मिळाला. पण ती मुले दिवसभर ओझी वाहणारी आणि पोटाला पुरेसे न मिळणारी होती. उपासमारीने खुंटलेल्या उंचीचे खापर वजनावर फुटले, ते अनेक दशके तसेच राहिले.

त्यानंतरच्या काळात मुलांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. देखरेखीखाली, बेताच्या वजनाने, योग्य पद्धतीने व्यायाम करणाऱ्या मुलांची उंची खुंटल्याचे त्यांत आढळले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २००८मध्ये आणि पुन्हा २०२०मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना तर आणखी पुढे जातात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे हालचाल करावीच, शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे त्या सांगतात. आनुवंशिकता, आहार, झोप आणि आजारपण यांवर उंची ठरते. वेटलिफ्टिंगचे खेळाडू बुटके दिसतात, ते वजन उचलून बुटके झालेले नसतात. बुटक्या बांध्याला तो खेळ सोयीचा पडतो, म्हणून तेच त्यात टिकतात. बास्केटबॉल खेळून उंची वाढते, ही समजूतही त्याच जातीची.

थोडे घरातच पाहिले तरी पुरे. जी आई बारा वर्षांच्या मुलाला पाच किलोचे डंबेल घेऊ देत नाही, तीच टँकर आल्यावर त्याच्या हाती दोन भरलेले हंडे देते. उन्हाळ्यात जिल्ह्यातील कितीतरी गावांत हे रोजचे चित्र आहे. पोरगा विहिरीच्या काठावरून उडी मारतो, झाडावरून खाली झेपावतो. अशा उडीनंतर पाय जमिनीला टेकतात तेव्हा त्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार क्षणभर येतो. हाडे तो सोसतात, इतकेच नव्हे तर अशा भाराने ती घट्ट होतात. ओझ्याला घाबरण्याची ही वेळ नव्हेच. दप्तराच्या ओझ्याबद्दल मात्र कोणी बाप शाळेत जाऊन भांडलेला दिसत नाही.

मग धोका कोठे आहे? तो आहेच, आणि तो लपवून मुलांना व्यायामाकडे वळवणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत वजनाच्या व्यायामामुळे आलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ ते तेरा वर्षांच्या मुलांच्या दुखापतींपैकी सुमारे दोन तृतीयांश हाताच्या आणि पायाच्या होत्या. कारणे काय, तर वजन पायावर पडले, बोट प्लेटमध्ये चेमटले. म्हणजे दुखापत झाली ती कोणी मोठे माणूस जवळ नसल्यामुळे. वय वाढत जाते तसे चित्र बदलते. अधिक वयाच्या गटांत स्नायू ताणणे आणि लचकणे यांचे प्रमाण वाढलेले दिसते, कारण आता वजन खरोखर जड झालेले असते. वाढीच्या पट्टीला इजा झाल्याच्या ज्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, त्यांपैकी बहुतेकांत देखरेख नव्हती, पद्धत चुकीची होती किंवा पेलवणार नाही इतके वजन डोक्यावर उचलण्याचा प्रयत्न होता.

आता तालुक्याच्या ठिकाणची एखादी सर्वसाधारण जिम डोळ्यांपुढे आणावी. तळघरात किंवा दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीभर आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी. दाराशी फी घेतली जाते, वय कोणी विचारत नाही. ज्याला ट्रेनर म्हणतात तो बहुधा दोन वर्षे आधी आलेला एक धट्टाकट्टा तरुण. त्याची पात्रता म्हणजे त्याचे दंड. पंधरा वर्षांचा मुलगा शेजारच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने ठेवलेल्या प्लेट काढायला लाजतो आणि तेवढ्याच वजनाखाली आडवा होतो. व्यायाम कोणता करायचा हे मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफितीतून ठरते. चौथ्या दिवशी त्याला छाती मोजायची असते, महिनाभरात फोटो टाकायचा असतो. त्या खोलीत वजने आहेत, आरसे आहेत. नाही म्हणणारा माणूस तेवढा नाही.

नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे होता. त्याला वस्ताद म्हणत. आखाड्यात नव्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी जोडी हाती मिळत नसे. आधी हौद्याची माती उकरायची, मग जोर आणि बैठका, आणि त्याही वस्ताद सांगेल तेवढ्याच. स्वतःच्या शरीराचे ओझे पेलता आल्यावर हलकी मुद्गलांची जोडी, ती खांद्यावरून सफाईने फिरू लागली की जड करेला. मल्लखांबावरही तोच क्रम. साधी पकड जमल्याशिवाय पुढची उडी नाही. आज क्रीडावैद्यकाची पुस्तके जे सांगतात, म्हणजे आधी हालचाल शुद्ध करा, मग भार वाढवा, तेच येथे मातीत शिकवले जात होते. त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही एवढेच.

या परंपरेचे मोठे केंद्र बुलढाण्याच्याच विभागात, अमरावतीत आहे. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाचे शिक्षण ही पद्धतशीर विद्या बनवली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे आणि तेथून शिकून गेलेले शिक्षक विदर्भभर पसरलेले आहेत. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. व्यायामावर एवढा ग्रंथसंभार असलेल्या भाषेतील मुलाने व्यायाम मोबाइलवरून शिकावा, हा विरोधाभास मनाला लागतो.

मात्र जुन्या आखाड्याचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकू नयेत. हजार बैठकांच्या पैजेत कितीकांचे गुडघे कायमचे गेले. दुखणे सांगणाऱ्या पोराला नामर्द ठरवण्याची रीत तेथेही होती. आणि बहुतेक आखाड्यांचे दार मुलींना बंद होते. हा शेवटचा दोष आजच्या पालकांच्या मनातून अजून गेलेला नाही. मुलाने वजन उचलावे की नाही यावर निदान वाद तरी होतो, मुलीबाबत प्रश्नच विचारला जात नाही. वास्तविक गरज तिला अधिक आहे. आयुष्यभर पुरायचा हाडांचा साठा प्रामुख्याने किशोरवयातच जमतो. तो अपुरा राहिला तर त्याची किंमत पन्नाशीनंतर द्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणीस वयोगटातील निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. अशा मुलीला आधी लोह आणि पोटभर अन्न हवे, आणि त्याबरोबर स्नायूंना काम. मावळातील वडगावच्या हर्षदा गरुडने मे २०२२मध्ये ग्रीसमधील जागतिक ज्युनियर वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो तिने उचलले. सिंदखेड राजाला दर वर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणाऱ्या गर्दीत हजारो मुली असतात. त्यांच्यापैकी कितीजणींच्या गावात मुलींसाठी व्यायामाची वेळ राखलेली आहे?

वजनाचा व्यायाम आणि वजन उचलण्याची स्पर्धा यांत अंतर आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवले. एकूण २४८ किलो. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो पेलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. तो एकवीस वर्षांचा, वर्षानुवर्षे शिकलेला, प्रशिक्षकाच्या डोळ्यांपुढे उभा असलेला खेळाडू होता. शक्तीच्या शेवटच्या टोकाशी शरीर असेच धोक्यात असते. स्पर्धक तो धोका जाणून स्वीकारतो. चौदा वर्षांच्या मुलाने एकदाच किती उचलता येते हे मित्रांना दाखवण्यासाठी तो स्वीकारण्यात काहीच अर्थ नाही. त्याचे वजन असे असावे की दहा-पंधरा वेळा ते नीट उचलता यावे आणि शेवटच्या वेळीही पाठ वाकू नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. वाढ करायची ती पाच-दहा टक्क्यांची, तीही हालचाल बिनचूक झाल्यावरच. मूल सूचना ऐकून तशी कृती करू लागले, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून, हे सुरू करता येते. तारुण्यापूर्वी त्याचे दंड फुगणार नाहीत. त्या वयात ताकद वाढते ती मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसल्यामुळे. काही आठवड्यांत ती सुमारे तीस टक्क्यांनी वाढू शकते, पण आरशात दिसत नाही. हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे निराशा टळेल. हृदयाचा विकार, उच्च रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर.

क्रमाने भार वाढवण्याचे उदाहरण पाहायला बुलढाण्याच्या मुलांना दूर जाण्याची गरज नाही. त्यांच्याच शहराच्या प्रथमेश जावकरने मे २०२३मध्ये शांघाय येथील तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सुवर्ण जिंकले, तेही जगातील अव्वल मानल्या जाणाऱ्या नेदरलँडच्या माइक श्लोसरला हरवून. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. तिरंदाजी म्हणजे डोळ्याचा खेळ, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ती भार ओढण्याची विद्या आहे. कंपाउंड धनुष्याची ओढ नियमानुसार साठ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोपर्यंत असू शकते, आणि पात्रता फेरीत बहात्तर बाण सोडायचे असतात. हा भार पहिल्या दिवशी कोणत्याही मुलाच्या हाती देत नाहीत. आधी रबराचा पट्टा ओढून खांद्याला वळण लावतात, मग हलके धनुष्य, मग अंगात बळ येईल तसतशी ओढ वाढवत नेतात. तिरंदाजीच्या मैदानावर जो क्रम गृहीत धरला जातो, तो त्याच शहरातील जिममध्ये पाळला जात नाही.

घाई एकदा अंगात शिरली की ती वजनापाशी थांबत नाही. पुढे डबे येतात, आणि डब्यांच्या मागून सुया. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके घेऊ नयेत असा स्पष्ट सल्ला दिला आहे. ज्या जिल्ह्यात शेतोशेती सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकतो, तेथील शेतकऱ्याचा मुलगा बापाने पडत्या भावात विकलेल्या पिकाच्या पैशांतून परदेशी नावाची पावडर विकत घेतो. वरण, उसळ, भुईमूग, दूध, खात असल्यास अंडे, एवढ्यात त्याची गरज भागते. सुयांची गोष्ट मात्र थट्टेची नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली आलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन व्यायाम करणाऱ्या तरुणांना चोरून विकणाऱ्यांना राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत पकडले आहे. त्याने हृदयाचे ठोके भलतेच वाढतात आणि जीवही जाऊ शकतो. स्नायू फुगवणारी स्टेरॉइड्स याहून धूर्त. किशोरवयात घेतल्यास हाडांच्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद होतात आणि उंची खरोखरच खुंटते. बापाला ज्या गोष्टीचे भय वजनाबद्दल वाटत होते, ती या सुईत आहे, आणि तिच्याबद्दल घरात एक शब्द बोलला जात नाही.

यात शासनाची बाजू पाहण्यासारखी आहे. व्यायामशाळा विकासासाठी अनुदान देणारी योजना राज्याच्या क्रीडा विभागाकडे वर्षानुवर्षे आहे. ती बांधकामाला आणि साहित्याला पैसा देते. त्यातून गावोगावी खोल्या उभ्या राहिल्या, उद्यानांत रंगीत यंत्रे बसली. उद्घाटनाची कोनशिला लागते, पहिल्या पावसात यंत्राच्या सांध्यांना गंज चढतो, खोलीला कुलूप लागते किंवा ती पत्त्यांच्या डावाला सोयीची पडते. कारण यंत्र विकत घेता येते, ते शिकवणारा माणूस नेमावा लागतो, आणि त्याच्या मानधनाचा प्रश्न आला की सारे एकमेकांकडे पाहतात. शाळांतही वेगळे काही नाही. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या सराव परीक्षेने खाल्ला जातो आणि क्रीडाशिक्षकाला कार्यालयीन कामाला जुंपले जाते. पालक सभेत कोणी याबद्दल तक्रार करत नाही, हे या सगळ्यात अधिक खटकणारे.

माणसे नाहीत असे म्हणावे तर तीही आहेत. घाटावरच्या गावांत सैन्यातून निवृत्त होऊन चाळिशीतच घरी आलेले जवान आहेत. त्यांनी वर्षानुवर्षे कवायत केली आणि इतरांकडून करून घेतली आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारे तरुण तर प्रत्येक तालुक्यात भेटतील. मुलांच्या शरीराची वाढ, योग्य पद्धती आणि प्रथमोपचार यांचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण अमरावतीसारख्या ठिकाणी त्यांना देता येईल. गावच्या मारुती मंदिरामागची बंद खोली उघडून तेथे संध्याकाळी एक तास मुलांसाठी आणि एक तास मुलींसाठी ठेवता येईल. महागडी यंत्रे यासाठी लागत नाहीत. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, दोरावर चढणे, हलकी मुद्गले आणि दोन-चार जोड डंबेल पुरतात. एका मुलाच्या महिन्याच्या पावडरीच्या डब्यांचा खर्च आठ-दहा घरांनी एकत्र केला, तर अशा माणसाला मानधन देता येईल. ग्रामसभेत व्यायामशाळेच्या अनुदानाचा प्रस्ताव पुढच्या वेळी वाचला जाईल, तेव्हा यंत्रांची यादी ऐकून झाल्यावर एवढे तरी विचारावे की संध्याकाळी सहा वाजता किल्ली कोणाकडे असेल आणि आत मुलांजवळ कोण उभे राहील.